सेमिस्टरची सुट्टी बाबांच्या मित्राच्या घरी: यावल-फैजपूरकडचा डिसेंबर

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कॉलेजात असेपर्यंत एक तरी सुट्टी आईबाबांच्या जुन्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या घरी, आईबाबांना सोबत न घेता, एकट्याने जाऊन राहावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीच हा धागा काढतोय.

मी पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा डिसेंबरात संपली. सबमिशन, ओरल, थिअरी हे सगळं लागोपाठ झाल्यावर डोकं इतकं शिणलं होतं की सुट्टीत कुठे जायचं हा विचारसुद्धा नकोसा झाला होता. बॅचमधले बरेच जण गोव्याला निघाले होते. तेवढ्यात काकांचा फोन आला. "परीक्षा झाली ना? मग इकडे ये. भरिताची वांगी तयार आहेत."

काका म्हणजे बाबांचे मित्र. दोघं जळगावला कॉलेजात असताना एकाच खोलीत राहायचे. बाबा नोकरीसाठी पुण्याला आले, काकांनी घरची शेती धरली. यावल तालुक्यात, फैजपूरपासून जवळच त्यांचं गाव आहे. आमचं त्यांच्याशी नात्याचं काहीच नाही. पण माझ्या आजोबांच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्री बसायला काका आले होते, आणि काकांच्या बहिणीच्या लग्नात आचाऱ्यामागे उभं राहायचं काम बाबांकडे होतं. लहानपणी आम्ही तिथे गेलोय, पण ते एखाद्या कार्याला, उभ्या उभ्या. मुक्कामाला एकटा असा पहिल्यांदाच गेलो.

रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. दौंड, नगर, मनमाड करत गाडी जळगावला येते, पुढे भुसावळ. काकांचा मुलगा (माझ्याच वयाचा, तिकडेच बीएस्सी ॲग्री करतो) मोटरसायकल घेऊन स्टेशनवर उभा होता. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात, आणि समोर सातपुड्याची निळी रांग दिसायला लागते. हवेत चांगलाच गारठा होता. पुण्यातल्या थंडीला मी थंडी म्हणतो, पण जळगावकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा पाण्यात हात घालवत नाही.

आता मुद्द्याचं. तिथे मला इतकं मोकळं का वाटलं, याचा मी बराच विचार केलाय. आपल्या घरी आपण मुलगा असतो, त्यामुळे निकाल, प्लेसमेंट, सीजीपीए या गोष्टी जेवणाच्या ताटावरसुद्धा निघतात. नातेवाइकांकडे गेलं की आतेभावाला किती टक्के, मामेबहिणीला कुठे नोकरी, हा हिशोब सुरू होतो. काका-काकूंना माझ्याबद्दल पूर्ण माया आहे, पण माझे मार्क हा त्यांच्या घरच्या काळजीचा विषय नाही. पहिल्या सकाळी उशिरा उठलो तर काकू एवढंच म्हणाल्या, "झोप झाली का? चहा ठेवते." संपलं.

दुसरी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी मी पाहुणा होतो, दुसऱ्या दिवशी नाही. काकांनी सकाळी हाक मारली, "चाल रे भो, मळ्यात." तिथून रोज काही ना काही काम माझ्या वाट्याला येत गेलं. ठिबकच्या नळ्या बघायच्या, तुंबलेला ड्रिपर मोकळा करायचा, घडांवर पिशव्या चढवायला शिडी धरायची. परीक्षेच्या महिनाभरात डोक्याला जो ताण होता, तो हाताने काम करताना कधी उतरला ते कळलंच नाही.

केळीबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तिकडे लागवडीचे दोन मुख्य हंगाम, जून-जुलैमधली मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग. लावल्यापासून घड उतरायला साधारण वर्ष लागतं. झाडाला घड येतो तो एकदाच. मग ते खोड कापतात आणि बुंध्याशी आलेल्या पिलांपैकी एक राखून त्यावर पुढचं पीक घेतात. हल्ली बहुतेक ठिकाणी ग्रँड नैन लावतात, शेतकरी तिला जी-नाइन म्हणतात. थंडी हा केळीचा मोठा शत्रू. गारठा फार वाढला तर पानं पिवळी पडतात आणि घड भरायला वेळ लागतो. म्हणून अशा रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. शेतीच्या विजेची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती. काका, मी आणि दादा (तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, म्हणून काकूंच्या हुकमावरून दादा) घोंगड्या पांघरून मळ्यात बसलो. त्या रात्री काकांनी त्यांच्या आणि बाबांच्या कॉलेजच्या गोष्टी सांगितल्या.

बाबांनी मला कधीच न सांगितलेल्या त्या गोष्टी. दुसऱ्या वर्षाला बाबांचा एक पेपर राहिला होता आणि ते शिक्षण सोडून घरी परत निघाले होते. काकांनी त्यांची ट्रंक लपवून ठेवली, दोन दिवस दिली नाही. तोवर बाबांचा राग निवळला. मी बाबांना आजवर कायम उत्तीर्ण झालेला माणूस समजत होतो. त्यांना एकवीस वर्षांचं असताना पाहिलेला माणूस माझ्याशी बोलत होता, आणि अशी ओळख आपल्या घरात बसून होत नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

घरात आजी आहेत, काकांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू वापरून तिथली सजावट केली होती. आजींचे सासरे तेव्हा पोरसवदा होते आणि पाणी वाटायच्या कामाला होते. आजींनी हे सगळं सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलेली गोष्ट ओसरीवर बसून ऐकताना अंगावर काटा आला.

फिरलो तेही निवांतच. मनुदेवीला गेलो (आडगावजवळ, सातपुड्याच्या कुशीत, धबधब्याची धार डिसेंबरात बारीक होते), पालला (हेही सातपुड्यातलंच, थंड हवेचं ठिकाण) गेलो, आणि एका पहाटे हतनूर धरणावर पक्षी बघायला. चक्रवाकांची जोडी पहिल्यांदा तिथेच पाहिली. बाकी दिवस ओसरी, मळा, जेवण, झोप. फोन होता, पण हातात घ्यावासा वाटत नव्हता.

तुमच्यापैकी कोणी असं राहिलंय का? किंवा तुमच्या घरी असं कोणी येऊन राहतं का? वाचायला आवडेल.

---

भुसावळ_जंक्शन

वा! आमच्या भागाबद्दल इतकं जिव्हाळ्याने लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं. पण मालक, भरिताचं आमंत्रण सांगितलंत आणि भरित कुठे गेलं? बामणोदची वांगी होती का? हिरवी, पांढरे पट्टे असलेली, मोठी?

---

तापीकाठ

@भुसावळ_जंक्शन, भरितासाठी वेगळा प्रतिसाद राखून ठेवला होता. :)

हो, बामणोदचीच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हे वांगं आकाराने मोठं, बिया कमी, आणि भाजल्यावर गर लोण्यासारखा. मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. वांग्याला आधी टोचे मारून घेतात, नाहीतर ते जाळात फुटतं. सालं काढायला सगळे गोल करून बसतात. हात भाजत असतात, तरी पाण्यात बुडवून काढलेलं चालत नाही, चव जाते. मग लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळीने ठेचतात. हिरवी मिरची आणि लसूण वेगळं कुटून, तेलात परतून त्यात घालतात. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही, मसाला नाही.

सोबत कळण्याच्या पुऱ्या आणि कच्ची कांद्याची पात. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. पुण्याच्या मित्रांना हे सांगावं लागतं. ताटं नव्हतीच, बागेतलीच केळीची पानं. शेजारच्या मळ्यातली मंडळी, बागेत कामाला येणारे गडी, सगळे एकाच पंगतीला. काकांनी गड्यांना आधी वाढलं, मग आम्ही बसलो. त्यांच्याकडे तीच पद्धत आहे.

---

सांगलीची_काकू

धागा आवडला. मी पलीकडच्या बाजूने लिहिते, कारण माझ्याकडे मिस्टरांच्या मित्राची मुलगी कॉलेजची चारही वर्षं सुट्टीत यायची. आता ती बंगलोरला नोकरीला आहे.

मुलांना वाटतं आपला त्रास होईल. त्रास एकाच गोष्टीचा होतो, मूल परक्यासारखं वागलं की. सारखं "नको काकू", "असू दे काकू", भूक असताना अर्धी पोळी. मग आम्हालाच कळत नाही काय करावं. ती पहिल्या वर्षी अशीच होती. दुसऱ्या वर्षी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "काकू, चहा मी टाकते, तुम्ही बसा." त्या दिवसापासून ती घरची झाली.

काही गोष्टी मात्र मुलांनी पाळाव्यात असं मला वाटतं. कधी येणार आणि कधी जाणार हे आधी सांगावं, म्हणजे आमचेही कार्यक्रम ठरतात. रात्री उशीर होणार असेल तर फोन करावा, कारण दुसऱ्याच्या लेकराची जबाबदारी आपल्या लेकरापेक्षा जड वाटते. महागाच्या भेटवस्तू आणू नयेत. तुझ्या आईच्या हातची चकली आण, ती मला जास्त आवडेल. आणि घरी पोचल्यावर फोन. हा फोन विसरतात ना, त्याचं वाईट वाटतं.

---

ओवी_छसंना

छान लिहिलंय, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी छत्रपती संभाजीनगरला एमएस्सी करतेय. आईच्या मैत्रिणीकडे मीही दिवाळीनंतर राहिले होते. माणसं चांगलीच होती. पण तुम्ही "काकांच्या मळ्यात रात्री बसलो" असं सहज लिहून गेलात. मला संध्याकाळी सातनंतर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटीने जाऊ दिलं नाही, कारण "तुझ्या आईला काय सांगू?" शिवाय भेटायला येणारी प्रत्येक बाई लग्नाचं विचारायची. घरची मंडळी नव्हे, येणारी-जाणारी. मावशींनाही त्याचं अवघडल्यासारखं व्हायचं. सांगलीच्या काकूंनी जबाबदारीचं लिहिलंय ते समजतं, पण तीच जबाबदारी मुलीच्या सुट्टीवर दडपण आणते. म्हणून "प्रत्येकाने जावं" असं मी म्हणणार नाही. घर कोणाचं आहे हे आधी बघावं.

---

तापीकाठ

@ओवी_छसंना, तुमचं म्हणणं पटलं. मी मुलगा असल्यामुळे मला जे आपसूक मिळालं ते सगळ्यांना मिळत नाही, हे लिहिलं पाहिजे होतं असं तुमचा प्रतिसाद वाचून वाटतंय.

तुमचा प्रतिसाद मी काकांच्या मुलीला, ताईला पाठवला. ती जळगावला शिकवते, शनिवार-रविवार घरी येते. तिचं उत्तर जसंच्या तसं देतो: "तिला सांग, आमच्याकडे माझी पुण्याची मैत्रीण राहायला आली तेव्हा आईने पहिल्याच दिवशी ओसरीवर सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, पोरगी अभ्यास करून दमून आलीय, तिला लग्नाचं कोणी विचारायचं नाही. नंतर कोणी विचारलं नाही. घरच्या बाईने एकदा स्पष्ट बोलावं लागतं. आणि रात्री पाणी द्यायला मीसुद्धा मळ्यात जाते, तीही आली होती."

म्हणजे तुम्ही म्हणता तेच, घर बघावं. आणि यजमानीण बोलती असावी.

---

सांगलीची_काकू

ओवी, तुझं वाचून मला वाईट वाटलं, आणि तुझं बरोबर आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलीला मीही रात्री एकटीला सोडत नसे. पण मी किंवा मिस्टर सोबत जायचो, तिला घरात बसवून ठेवलं नाही. गणपतीच्या देखाव्यांना रात्री बारापर्यंत फिरलोय आम्ही. ताईचं उत्तर फार आवडलं. तिच्या आईला माझा नमस्कार सांग.

---

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत आमच्याकडे ही गोष्ट वेगळ्या रूपात घडते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. कॅम्पस ओस पडतं, अमेरिकन मुलं घरी जातात, आणि भारतातून मास्टर्सला आलेली मुलं खोलीत एकटी राहतात. काही युनिव्हर्सिट्यांची वसतिगृहं हिवाळ्याच्या सुट्टीत बंदच होतात, तेव्हा जायचं कुठे हा खराच प्रश्न असतो.

माझ्या शाळासोबत्याचा मुलगा गेल्या वर्षी ओहायोहून बसने आमच्याकडे आला. पहिल्या दिवशी तो जेवला आणि जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. बायको घाबरली, दोनदा जाऊन बघून आली. उठल्यावर वरण-भात, लिंबाचं लोणचं, तूप. जेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही काही विचारलं नाही. संध्याकाळी आपण होऊन सांगितलं की तीन महिन्यांत कोणी त्याला "जेवलास का" असं मराठीत विचारलं नव्हतं.

माझी मुलं इथेच जन्मलेली. ती मराठी समजतात, बोलायला लाजतात. त्या चार दिवसांत ती त्याच्याशी मोडकंतोडकं का होईना बोलायला लागली, कारण तो त्यांच्या चुका काढत नव्हता. तो आता दर मोठ्या सुट्टीला येतो. इथे राहणाऱ्यांना माझी विनंती आहे, तुमच्या मित्राचं मूल अमेरिकेत शिकायला आलं असेल तर त्याने विचारायची वाट बघू नका. ते विचारणार नाही. तुम्हीच तिकीट काढून पाठवा.

---

भुसावळ_जंक्शन

@एडिसनकर, डोळे भरून आले हो.

आमच्या घरी उलट व्हायचं. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव. वडील रेल्वेत, त्यामुळे त्यांचे मित्र नागपूरपासून इटारसीपर्यंत पसरलेले. नागपूरच्या हॉस्टेलातून सुट्टीला घरी निघालो की बाबांचे एक मित्र अकोला स्टेशनवर डबा घेऊन यायचे. गाडी थांबायची थोडाच वेळ. डबा द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे, गाडी सुटायची. त्यांच्या घरी मी राहिलो एकदाच, पण त्यांच्या घरची वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी मी अक्षरशः वाढत्या वयात खाल्लीय.

---

निवांत_शनिवार

प्रश्न विचारतो. माझ्या मुलाची परीक्षा आता संपेल. माझा एक जुना मित्र सावद्याला आहे, पण आमचं बोलणं गेली काही वर्षं फक्त वाढदिवसाच्या मेसेजपुरतं उरलंय. अशा वेळी मुलाला एकदम पाठवणं बरं दिसेल का? मुलगा तयार आहे, मीच अडखळतोय.

---

सांगलीची_काकू

मित्राला मेसेज नको, फोन करा. मुलाचं नंतर बोला, आधी तुम्ही दोघं तासभर बोला. आणि शक्य असेल तर सोडायला तुम्ही स्वतः जा, एक रात्र राहा आणि परत या. तुमची गाठ पडली की मुलाची सुट्टी आपोआप चांगली जाईल.

---

तापीकाठ

काकूंशी सहमत. @निवांत_शनिवार, सावदा म्हणजे फैजपूरच्या शेजारीच. भुसावळ-खंडवा मार्गावर सावदा आणि रावेर ही स्टेशनं आहेत, पण पुण्याहून येताना भुसावळला उतरून एसटीने जाणं सोपं पडतं. जानेवारीत पाठवलंत तर भरिताचा मोसम चालू असेल. मुलाला स्वेटर, कानटोपी आणि चिखलात चालतील अशा चपला द्या. एक दिवस त्याला मुक्ताईनगरकडे जाऊ द्या. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, आणि कोथळीला मुक्ताबाईचं. येताना सावदा-फैजपूर रस्त्यावर समोर तळून देतात ते केळीचे वेफर्स आणायला सांगा, गरम असतानाच पिशवीचं तोंड बांधू नका म्हणावं, मऊ पडतात.

तुमचा मुलगा येणार असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दादाला सांगून ठेवतो, तो त्याला मळा दाखवेल.

---

निवांत_शनिवार

आत्ताच फोन ठेवला. मित्र पहिलं वाक्य म्हणाला, "इतकी वर्षं कुठे होतास?" तास कसला, दोन तास बोललो. मुलगा शुक्रवारी निघतोय, सोडायला मी जातोय, आणि मित्राने मला एका रात्रीऐवजी तीन रात्री थांबायला लावलंय. व्यनि केलाय, तापीकाठ. वांग्यांचं बघा.